बाईंचा कंटेनर

लॅबमधल्या बाईंनी पन्नाशीत शिकून रक्ततपासणीचे अहवाल छापणारा प्रोग्राम लिहिला होता, पण तो फक्त त्यांच्याच संगणकावर चालायचा. आज साहेबांच्या नव्या संगणकावर चालला नाही, तर तो कायमचा बंद होणार होता. म्हणून बाईंनी प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका कंटेनरमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गाठोड्यात, बांधून आणलं. सुरू करताच तो बंद पडला.

"प्रोग्रामला सासर मानवलं नाही वाटतं, बाई!" साहेब हसले.

बाईंनी पडद्यावरची चूक शांतपणे वाचली. अहवालाचा कोरा नमुनाच जुन्या संगणकावर राहिला होता. रोज हाताशी असलेली वस्तूच नेमकी बांधायची राहते. त्यांनी तो आणून कंटेनर पुन्हा बांधला. या वेळी प्रिंटरमधून अहवाल सरसरत बाहेर आला.

"लॅबमधल्या उरलेल्या चार संगणकांचं काय?" साहेबांनी विचारलं.

"हाच कंटेनर चालेल, साहेब. जसाच्या तसा."

साहेबांनी लिहून घ्यायला पेन काढलं. "पहिल्यापासून सांगा, बाई."