कातभट्टीवरच्या बाईचा चेहरा

सहदेव पेंटरने उभी हयात कर्जतच्या भिंती रंगवण्यात घालवली. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीची चिन्हं, शाळेच्या कुंपणावरचे सुविचार, देवळातला मारुती. मग फ्लेक्स आला आणि त्याचे ब्रश डब्यातच वाळून गेले. साठीच्या तोंडावर तो गॅरेजवाल्यांकडे गाड्यांचे नंबर लिहू लागला.

अशात माथेरानच्या एका हॉटेलाची सजावट करणारी सुरभी नावाची मुलगी त्याला शोधत आली. तिच्या मोबाइलमध्ये इंग्रजांच्या काळातली चित्रं होती. कुणा गोऱ्या साहेबाने इथल्या डोंगरात हिंडून काढलेली. मोळ्या वाहणाऱ्या ठाकरणी, धनुष्य घेतलेले कातकरी, खैराचा कात उकळणारं एक कुटुंब. तिला त्यांच्या हुबेहूब नकला हव्या होत्या, त्याही हाताने रंगवलेल्या. सहदेवने दोन्ही हातांनी काम घेतलं.

कातभट्टीच्या चित्रापाशी तो अडला. साहेबाने मडकी रंगवली होती, कुऱ्हाडीच्या पात्यावरचा उजेड रंगवला होता, शेजारच्या कुत्र्याच्या बरगड्यासुद्धा नीट काढल्या होत्या. पण भट्टीपुढे बसलेल्या बाईच्या तोंडाच्या जागी नुसता तपकिरी डाग होता.

"काका, चेहरा तुम्हीच घाला ना," सुरभी फोनवर म्हणाली. "एवढ्या मोठ्या चित्रात ते बरं नाही दिसणार."

चेहरा आणायचा कुठून? कोंडाणे लेण्यांकडच्या कातकरवाडीतली ठकी रानभाजी आणि खेकडे घेऊन बाजाराला यायची. माल विकून झाला की सहदेवच्या ओट्यावर बसून पाणी प्यायची. त्याने तिलाच विचारलं. मजुरी मिळणार म्हटल्यावर ती रंगाच्या डब्यावर बसली.

"ही भट्टी कसली, पेंटरदादा?"

"काताची. तुमच्याच लोकांचं काम गं."

"आजी सांगायची. मी नाय बघितली. मी कोळशाचीच बघितली." मग ती उठून चित्राजवळ गेली. "हिला तोंड नाय?"

"साहेबाने काढलंच नाय."

"कुत्र्याला काढलंय की."

सहदेव रंग घोटत राहिला.

तीन दिवस ती बसली. सहदेवने आजवर पुढाऱ्यांचे चेहरे काढले होते, पण ते फोटोवरून. जिवंत माणूस समोर बसवायची ही पहिलीच वेळ. डाव्या भुवईवर भट्टीचं लाकूड लागून पडलेली खोक, आत गेलेले गाल, आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही अशी नजर. सगळं उतरलं. आपल्या हातून असं काही निघेल असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

ठकीने बराच वेळ बघितलं. "मीच हाय," एवढंच म्हणाली आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन गेली. दिवाळी झाल्यावर ती आणि तिची लेक भागी मुकादमाच्या ट्रकमधून घाटावर कोळशाच्या भट्ट्यांवर गेल्या.

सुरभी चित्र बघायला आली. चित्रातल्या ठकीसमोर येताच तिचा चेहरा पडला. "काका, काम सुंदर आहे. पण हे जेवणाच्या हॉलमध्ये लागणार. ही अशी बघत राहिली तर लोकांना घास जाणार नाही. थोडं हसू द्या तिला. आणि ती खूण नको."

"ती हसत नव्हती हो."

"कोण ती?"

सहदेवने ब्रश उचलला. हातात आलेलं काम जाऊ द्यायची त्याची छाती नव्हती. एका दुपारीत खोक बुजली, गाल भरले, ओठांची टोकं वर गेली.

पावसाच्या आधी भागी एकटीच त्याच्या दारात उभी राहिली. होळीच्या सुमारास ठकीला ताप भरला होता. भट्टीपासून दवाखाना लांब. तिसऱ्या दिवशी ती गेली, तिथल्याच माळावर तिला पुरलं. भागीकडे आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. तिच्यातला चेहरा शाईने काळा झाला होता.

"तुमच्याकडं आई हाय म्हणं," भागी म्हणाली. "तिने सांगितलं होतं."

चित्र आता हॉटेलात लागलं होतं. सहदेव तिला माथेरानला घेऊन गेला. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढे तांबड्या मातीतून पायी. पाहुणे जेवायला यायच्या आत बाहेर पडा, असं सांगून मॅनेजरने आत सोडलं. भागी एकेका चित्रापुढे थांबत गेली. कातभट्टीपुढून तशीच पुढे गेली.

"भागे, ही बघ."

ती मागे आली. "ही नाय. आईच्या भुवईवर खोक होती."

"मी बुजवली."

"का?"

"हाटेलवाल्यांना नको होती."

भागीने मान हलवली. "आन् हसती कशाला?"

सहदेवने चित्राकडे पाठ केली. "मी तुला दुसरी काढून देतो," तो म्हणाला.

पावसाळाभर तो प्लायवूडच्या तुकड्यावर आठवून काढत राहिला. खोक जागेवर आली, पण नजर येईना. आठवायला जावं तर डोळ्यांपुढे ती हॉटेलातलीच यायची. शेवटी त्याने भागीलाच समोर बसवलं. आईचं काही तिच्यात सापडेल या आशेने चार दिवस खपला.

भागीने बघितलं आणि म्हणाली, "ही मी हाय, पेंटरबाबा."

"नेतेस?"

"माझं मी काय करू?"

दिवाळीनंतर कर्जतच्या चारफाट्यावर त्याला मुकादमाचा ट्रक दिसला. हंडे, गोधड्या, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेली माणसं. त्यांच्यात भागीही होती. तिने त्याला बघितलं की नाही, कळलं नाही. ट्रक घाटाकडे वळला.

त्याच आठवड्यात सुरभीचा फोन आला. खालापूरच्या एका फार्महाउसला अशीच सहा चित्रं हवी होती. सहदेव नको म्हणाला. का म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते त्याचं ठरलं नव्हतं. तिने विचारलंच नाही. पनवेलला तिला दुसरा पेंटर मिळाला.