गळणारं झाड

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे नळ दुरुस्त केलेल्या माणसाची शांततेची व्याख्या सोपी असते: कुठेही टपटप नसणं. वॉशरकाकांची तीच होती. हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं. तक्रार काहीही असो, काका पिशवी खाली ठेवण्याआधीच "वॉशर गेलाय" म्हणून मोकळे होत, आणि दहात सात वेळा तो खरंच गेलेला असे. उरलेल्या तीन वेळा ते गळक्या जोडाला सुतळी गुंडाळून सफेदा लावत.

काम सोडल्यावर घरात दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. काकूंचे गुडघे गेले होते, पण त्यांना वॉशर मिळत नव्हता. त्यामुळे काकूंचं जग स्वयंपाकघराच्या खिडकीपुरतं झालं होतं, आणि त्या खिडकीत चेरीचं झाड होतं. शोभेची चेरी. खाण्यासारखं फळ नाही, सावली बेताची, वर्षातून आठवडाभर फुलणार म्हणे. गुडघे शाबूत असताना काकूंनीच ते लावलं होतं. तीन वर्षं झाली, फूल म्हणून दिसलं नव्हतं.

"एकदा तरी बघायचंय हो मला," त्या म्हणायच्या.

काकांनी मनावर घेतलं, म्हणजे झाडाला नळजोड दिला. टाकीपासून बुंध्यापर्यंत पाइप, कोपऱ्यात एल्बो, टोकाला कॉक. कॉक बंद करायचा प्रश्नच नव्हता. आयुष्यात त्यांनी कुणाचं पाणी तोडलं नव्हतं. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्यांनी तो आणखी अर्धा फेरा उघडला.

मग एका सकाळी खोडावर तपकिरी, चिकट थेंब दिसला. दुसऱ्या दिवशी तीन.

"गळतंय!" काका ओरडले.

"डिंक असेल," खिडकीतून काकू.

"गळती ती गळती."

त्यांनी खोडाला सुतळी गुंडाळली, वरून सफेदा लिंपला आणि सवयीने जोडावरून बोट फिरवून पाहिलं. काम उत्तम झालं होतं. चार दिवसांनी झाड सुतळीच्या वरून गळायला लागलं.

शेवटी काकूंनी फोन करून नर्सरीवाल्या बाईंना बोलावलं. झाड त्यांच्याकडूनच घेतलेलं. बाईंनी आधी सुतळीकडे पाहिलं, मग काकांकडे. खाली बसून मूठभर माती उचलली आणि पिळली. पाणी निघालं.

"पाइप कुणी टाकला?"

"मीच," काका म्हणाले. आवाजात किंचित अभिमान होता.

"काका, दुखणं खोडात नाही, मुळाशी आहे. बुडतंय हे. पाणी तोडा. माती बोटभर सुकली तर बादलीभर, नाहीतर तेही नाही."

"आणि गळतीचं काय?"

"गळू दे. ती सुतळी आधी सोडा."

काकांना चाळीस वर्षांत इतकं कुणी बोललं नव्हतं. बाई गेल्यावर ते दुपारभर आपल्या पाइपसमोर बसून राहिले. इतका सरळ पाइप त्यांनी पैसे घेऊनही कुणाकडे टाकला नव्हता.

"अहो," खिडकी म्हणाली, "झाड ठेवायचं की पाइप, तेवढं संध्याकाळपर्यंत ठरवा."

काकांनी करवत आणली आणि पाइप कापला. सुतळी सोडली. बुंध्यापासून गटारापर्यंत चर खणून साचलेलं पाणी बाहेर काढलं. त्यानंतर कित्येक महिने ते रोज मातीत बोट घालत आणि बादली न उचलता परत येत. डिंकाचे थेंब दिसले की हात पाठीमागे बांधत.

थंडी सरली आणि फुलं आली. एकाच फांदीवर आली, तीही कुंपणाकडच्या. खिडकीतून एकही दिसत नव्हतं.

"खरं सांगताय?"

"तुझी शपथ. थांब, डहाळी तोडून आणतो."

"खबरदार हात लावाल तर!"

ओट्याला धरून काकू उठल्या. मागच्या दाराच्या तीन पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली, त्यातली चार कोणता पाय आधी टाकायचा यावर गेली. काकांच्या खांद्याला धरून त्या फांदीखाली पोचल्या आणि मान वर करून उभ्या राहिल्या.

काका बाजूला नर्सरी, चर, माती असं बरंच काही समजावत होते.

"खुर्ची आणा," काकू फुलांवरची नजर न काढता म्हणाल्या, "आणि बडबड आत ठेवून या."