बॅप्टिस्टचा कापलेला संघ

गिरीजच्या बॅप्टिस्ट सुताराला हाक मारली की तो आधी घसा खाकरायचा, मग "हं" म्हणायचा, आणि त्या "हं"मध्येच त्याचं बोलणं संपायचं. उरलेलं तो रंध्याकडून वदवून घ्यायचा. आई गेल्यापासून घरात रंध्याचाच काय तो आवाज. तो थांबला की बाहेर माडाच्या झावळ्या कुरकुरत.

हाच माणूस एकेकाळी गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता आणि गोलमध्ये उभा राहून अख्ख्या पटांगणाला शिव्या घालायचा, हे सांगून कोणाला पटलं नसतं. पुरावा एकच, भिंतीवर टांगून पिवळा पडलेला संघाचा फोटो. मागे सहा उभे, पुढे पाच खुर्च्यांवर, मधल्या खुर्चीत मांडीवर चेंडू घेतलेला बॅप्टिस्ट. पुढचे पाचही अनवाणी, तोंडं मात्र सगळ्यांची नवरदेवासारखी.

त्रेपन्न साली मिशनच्या शाळेतून एक विलायती खेळ दुरुस्तीला आला. लाकडी तुकडे एकमेकांत अडकवले की आगगाडीचं चित्र पुरं व्हायचं. हरवलेला तुकडा बॅप्टिस्टने घडवला, पण खेळ परत करायला मुद्दाम उशीर लावला. रोज संध्याकाळी तो ती आगगाडी मोडायचा आणि जोडायचा. समोर दुसरं कोणी तुकडा शोधायला असतं तर, असं त्याला सारखं वाटे.

मग त्याने खळ शिजवली, भिंतीवरचा फोटो उतरवून चहाच्या खोक्याच्या फळीवर चिकटवला आणि तारेसारख्या पात्याच्या करवतीने कापला. बाकीच्या दहाही जणांचे डोक्यापासून कमरेपर्यंतचे तुकडे पांढऱ्या कागदात गुंडाळले. भाजी विकायला घरोघर फिरणाऱ्या विनीच्या टोपलीत ते ठेवले आणि निरोप दिला: येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आपापला तुकडा घेऊन माझ्याकडे या, संघ जोडू. जो हयात नाही त्याच्या घरच्यांनी यावं. बसायला त्याने दोन नवी बाकं केली. फोटो जोडणं हे निमित्त. घरात एकदा माणसं बसावीत, मोठमोठ्याने बोलावीत, एवढंच त्याला हवं होतं.

फक्त महिना नोव्हेंबर होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मेलेल्यांचा महिना. घरोघरी वारलेल्या माणसांचे फोटो क्रुसापाशी मांडून मेणबत्त्या लावलेल्या. अशा दिवसांत दारात विनी उभी आणि पांढऱ्या कागदात तोंड! जे हयात होते ते भडकले. त्यांतल्या बस्त्यावने विनीला ओसरीवरच सुनावलं की मी अजून दोन्ही वेळ जेवतो म्हणावं, मला पोचवायची एवढी घाई कशाला? विनीने ते बस्त्यावच्याच नाकातल्या आवाजात सगळ्या आळीला ऐकवलं. मग हयात असलेल्यांपैकी कोणीच यायला तयार होईना.

रविवारी बॅप्टिस्टने चहाचं आधण ठेवलं आणि उरलेला फोटो टेबलावर मांडून बसला. पहिली आली पॉलची विधवा आल्बिना. रिकाम्या हातांनी.

"तुकडा मी नाही देणार, भावोजी. क्रुसापाशी लावलाय. घरात त्यांचा दुसरा फोटो आहे कुठे?"

"हं," बॅप्टिस्ट म्हणाला.

"हं काय? त्यांचे पाय राहिलेत तुमच्याकडे. ते द्या."

त्याने पाय दिले. गुडघ्यावरचं फडकं पाहून, ते आपणच बांधलं होतं म्हणत ती हसली, डोळे पुसले आणि घरी मेणबत्ती जळतेय म्हणून उभ्या उभ्या निघाली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. त्यांनीही आपापल्या माणसाचे पाय नेले. चहा कोणीच घेतला नाही. आधण आटत गेलं.

शेवटी आली सुझान, जेम्सची बहीण. जेम्स बोटीवर होता आणि लढाईत बोटीबरोबर बुडाला. तो मागच्या रांगेत उभा होता, त्यामुळे त्याचे पाय फोटोत नव्हतेच. सुझान वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने फोटोत उरलेल्या बॅप्टिस्टवरच बोट ठेवलं.

"हा हात आमचा."

बॅप्टिस्टने घसा खाकरला, पण "हं" आलं नाही. "तो माझ्या खांद्यावर आहे, सुझान."

"दिसतंय मला. पण त्याला कबर नाही. आई अंथरुणाला खिळलीय, तुकड्यावरून बोट फिरवते आणि विचारते, हात कुठे गेला याचा?"

तुकडा इथेच आणून ठेव, मेणबत्ती इथे लाव, रोज येत जा, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिची आई अंथरुणावर होती. त्याने करवत घेतली.

सुझान बाकावर टेकली. दिवसभरात बसलेली ती पहिलीच. बसल्यावर बोलू लागली: जेम्स आंब्यावरून पडला ते, बॅप्टिस्टच्या शिव्या घरी येऊन म्हणून दाखवायचा ते, त्यावर आईने पळीने मारलं ते. बॅप्टिस्ट एकेका बोटाभोवती पातं फिरवत होता. काम क्षणाचं होतं. त्याने ते केवढं तरी लांबवलं. तरी हात सुटलाच, त्याच्या खांद्याचा तुकडा घेऊन.

सुझान रुमाल पसरून उभी राहिली.

"बस," तो म्हणाला. "कडा टोचतील आईला." आणि त्याने पॉलिशपेपर शोधायला घेतला. तो त्याच्या दुसऱ्या हातातच होता.