भितीसंगं बोलनारी मामी

धामनगाव बढ्यात भित सरय करनारा माह्यासारखा दुसरा मानूस नाही. माह्या घरच्या भितीले येवढं पोट होतं, का त्याच्यावर रॉकेलची चिमनी बिनखुटीची उभी राहे.

ते पोट हेरलं माह्या सासूनं. मी तिले मामी म्हनो. तवा सासवा जवायासंगं समोरासमोर बोलत नसत. मामी डोक्यावर पदर घे, माह्याकडे पाठ करे अन् जे सांगाचं ते भितीले सांगे. "बाई वं, पाव्हन्याले सांग, हात धुवा म्हना." मी गुमान हात धुवो. माह्यापेक्षा त्या भितीलेच मान जास्त.

मामीले बसनं ठाऊकच नव्हतं. लोकाच्या घरी चहा आला तरी उभीच. एका हातात बशी, दुसरा हात भितीवर, तोबी उलटा. "तयहात राबून निबर होते, त्याले सारंच सपाट लागते," म्हने. माही बायको लाजे, चहा थंडा होये, मामी खोलीभर फिरून राहे.

साळीचं, बायकोच्या बहिनीचं, लगन पिंपयगाव राजाले, मामीच्याच घरी. मधल्या खोलीत चितारी हत्ती काढनार, वर नवरानवरी. पन भित पाहा त म्हशीच्या बरगड्या. मामीनं उंचवटे खरवडले, खड्ड्यात भुश्याचं कुटार घातलेली माती भरली, पातय पातय थर देल्ले. एक वायल्याबिगर दुसरा नाही. त्यात आभाय आलं. मामी आतबाहेर, आतबाहेर. "वाय वं माय, पोरीचं लगन हाय."

लगनाच्या दिवशी सकायी एकच खड्डा राह्यला. मामी हयदीत गुतली. मले वाटलं, जवायानं बी काई करून दाखवावं. एकाच थरात सारा खड्डा लिपला, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा मारला. आरशावानी दिसे. चिताऱ्यानं सोंड काढली, पाय काढले, पोट रंगवाले घेतलं, अन् हत्तीचं पोट धप्पकन खाली.

वऱ्हाड शिवेवर आलतं. मामी हयदीच्या हातानं धावत आली. माह्याकडे पाठ केली. "बाई, तुही चूक नाही. तुले हात कोनाचा लागला, मले ठाऊक हाय." मंग पातय थर, मंग सुपानं वारा, पुन्हा थर, पुन्हा वारा. सूप मीच हलवलं, तेवढंच काम मले देल्लं. वाजा दारात आला तवा चितारी ओल्यातच पोट रंगवून राह्यला होता. साळी त्या हत्तीखाली हासत उभी राह्यली.

मामी गेली त्या साली तिची बाज त्याच खोलीत, भितीले लावून होती. अंगात ताप, पन उलटा हात भितीवर फिरतच होता. उशाजोय एका उंचवट्यावर येऊन थांबे, पुन्हा फिरे. मले पाह्यवलं नाही. मी बी भितीकडेच तोंड केलं. "बाई वं, मामीले सांग, उद्या जवाई तुले सपाट करते."

मामीनं उलटा हात भितीवरून काढला. मंग पदर न सावरता, जन्मात पह्यल्यांदा, तिनं सरय माह्याकडे पाह्यलं.

"जवाईबुवा, तुमी राहू द्या. मले हिच्याखाली झोपाचं हाय."