करवंटीभर चव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, गिरजाबाईंनी हातातली करवंटी चुलीत टाकली. करवंटीत दारू होती. ती पेटली. गिरजाबाईंना पाचवा महिना होता. त्या दिवसानंतर त्यांनी दारूची चव घेतली नाही.

मी तेव्हा मेडशीच्या शाळेत शिकवत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आजचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोल्यात होता. माझी खोली आणि गिरजाबाईंचं परस यांच्यामध्ये कमरेएवढी मातीची भिंत होती. भिंतीपलीकडे त्यांच्या सासूची हातभट्टी होती, चोरून चालणारी आणि सगळ्या गावाला ठाऊक असलेली.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते काडेपेटी मागायला गेले तेव्हा. मडक्याच्या नळीखाली त्यांनी नारळाची करवंटी धरली होती. दोन घोट घेतले, डोळे मिटले, घसा हलला, आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गूळ जळला. ही वेगळी ठेवा." मग माझ्याकडे वळल्या. "तोंड वाकडं नोका करू बाई. मी पेत नाही. मी चाखतो."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं आणि त्यांच्या लेखी ते खरं होतं. पिणारी माणसं वेगळी. ती भांडतात, पडतात. गिरजाबाई कधी पडल्या नाहीत. घाण्यामागून घाणा उतरे तशी त्या प्रत्येकाची चव घेत, लग्नसराईत तर दिवसभर. थुंकून का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं. त्या हसल्या. "थुकलं त जिभेचं कळते, घशाचं कसं कळन? गिऱ्हाईकाचा घसा जळला म्हंजे तो मालेगावले जाते." त्यांची जीभ पंचक्रोशीत नावाजलेली होती. मेडशीच्या बस थांब्यावर उतरलेला माणूस आधी विचारी, "गिरजीनं चाखली काय?" त्यांनाही त्याचा थोडा अभिमान होता. "गावातले सारे मिशीवाले माह्या जिभेवर नाचतात," असं त्या म्हणत आणि पदर तोंडाला लावत.

चंद्रकला त्यांची थोरली. चंद्री माझ्या पहिलीच्या वर्गात होती, वयानं तिसरीत असायला हवी होती. अंगानं बारीक, डोकं लहान, वरचा ओठ अगदी पातळ, आणि नाकाखाली आपल्या सगळ्यांना असते ती उभी खाच तिला जवळजवळ नव्हती. वर्गात ती एका जागी बसत नसे. पण मला हैराण केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. सोमवारी ती 'क' नीट काढी, मंगळवारी तो गेलेला असे. विसरली असं नाही. जणू कधी पाहिलाच नव्हता. चुलीवरचा तवा हाताला लागून फोड आला, तो बरा होण्याआधी तिनं पुन्हा तोच तवा धरला. तिला मारण्यात अर्थ नव्हता, कारण का मारलं हेही तिच्या ध्यानात राहत नसे.

गिरजाबाई तिला घरी घेऊन बसत. भिंतीपलीकडून मला ऐकू येई.

"सांग, दोन अन् दोन?"

"चार."

"शाबास! आता सांग, दोन अन् दोन?"

मग गिरजाबाईंचा आवाज, रडवेला आणि चिडलेला: "अवं पोट्टे, आत्ता त होतं तुह्यापाशी! कोठी गेलं?"

त्या चंद्रीला घेऊन जवळच्या मालेगावला डॉक्टरांकडे गेल्या. मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, गरोदरपणी आजार झाला होता का, पडला होता का, दारू पिता का. "नाही जी," त्या म्हणाल्या. मला तेव्हा त्या उत्तरात काही खोट दिसली नाही. त्यांच्या बोलीत ते खोटं नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, आईला खायला कमी पडलं असेल. पुढच्या वेळी अंडी, पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे खा, लोहाच्या लाल गोळ्या चुकवू नका.

पुढच्या वेळी दिवस राहिले तेव्हा गिरजाबाईंनी हे शब्दन्‌शब्द पाळलं. कोंबड्यांची अंडी बाजारात जायची ती थांबली. तांदुळजा, शेवग्याचा पाला, फुटाणे, गूळ-शेंगदाणे. लाल गोळीनं मळमळे, तरी घेत. सासू टोमणे मारी, "कोंबडी कमी अन् सूनच जास्त खुडूक बसली आमच्या घरी." गिरजाबाई उलट बोलत, "मामी, एक लेकरू अर्धं आलं. हे पुरं पाह्यजे मले." आणि अंडं खाऊन हात धुवून त्या भट्टीशी जात आणि करवंटी धरत. हे दोन्ही एकाच पोटात जात आहे असं कुणाच्याही मनात आलं नाही.

करीच्या दिवशी गिऱ्हाईक सर्वात जास्त. मी अंगणात दात घासत होते. पलीकडे सासू एकदम ओरडली, "चंद्रे! अवं मेले, बकरी सोडली काहून? गाभण हाय ना ते! मोहाचा चोथा खाल्ला त करडं लुळे निंगतात, किती खेपा सांगतलं तुले!"

हे घरातलं जुनं ज्ञान होतं. भट्टीतून निघालेला मोहफुलांचा चोथा शेळ्यांना आवडतो, त्यांना झिंगही येते. पण गाभण शेळीला तो कुणी देत नसे. गाभण शेळी वेगळ्या खुंटाला बांधायची, ही त्या परसातली रीत होती.

गिरजाबाई नळीपाशी बसल्या होत्या. करवंटी भरली होती. त्या उठल्या.

"मामी, बकरीले देत नाही तुमी?"

"कायले देऊ? करडू वाया जाते."

"अन् मले?"

सासूला प्रश्नच समजला नाही. "तुले काय? तू कोठी पेतं?"

तेव्हा ती करवंटी चुलीत गेली.

पुढचे दिवस त्या घरात भांडण विझलं नाही. नवरा, किसन, मारकुटा नव्हता, तो फक्त पुन्हा पुन्हा म्हणे, "दोन घोटानं काय होते? चंद्री तिच्या नशिबानं तशी हाय." सासू म्हणे, "म्याबी चाखली, माह्या सासूनंबी चाखली." त्यावर एकदा गिरजाबाई म्हणाल्या, "अन् तुमचे चार लेकरं गेले, ते?" सासू उठून गेली आणि कितीतरी दिवस सुनेशी बोलली नाही. चव आता किसन घेऊ लागला. त्याला जळलेला गूळ कळत नसे. गिऱ्हाईक तुटलं, भट्टी थंडावत गेली, आणि त्याचा दोष रोज गिरजाबाईंच्या पदरात पडला.

त्या पुन्हा मालेगावला गेल्या आणि या वेळी नीट विचारलं: चाखल्यानं असं होतं का? डॉक्टर म्हणाले, थोड्यानं काही होत नाही, तुम्ही खाण्याकडे लक्ष द्या. मी शाळेचं कपाट धुंडाळलं, अकोल्याच्या वाचनालयात जाऊन आरोग्याची पुस्तकं चाळली. कुठेच काही नव्हतं. परत येऊन तसं सांगितलं तेव्हा त्या माझ्यावरच चिडल्या. "तुमच्या पुस्तकात नाही म्हनून माह्या पोटातबी नाही काय?"

मुलगा झाला. चंद्रीपेक्षा वजनदार, भरल्या ओठांचा. वेळेवर बसला, वेळेवर चालला. गिरजाबाईंनी अर्ध्या मेडशीला गूळ वाटला. पण शाळेत आल्यावर दिसू लागलं. अक्षरं राहत होती, आकडे राहत नव्हते. आणि राग आला की तो स्वतःचं डोकं भिंतीवर आपटी. गिरजाबाईंनी एका संध्याकाळी भिंतीवर कोपर टेकून मला विचारलं, "बाई, अर्धं वाचलं अन् अर्धं गेलं. वाचलं ते अंड्यानं वाचलं का करवंटी जाळली म्हनून? अन् गेलं ते पह्यल्या चार महिन्यात गेलं काय? कोन सांगन मले?"

कितीतरी वर्षांनी, मी निवृत्त होऊन वाशीमला राहायला आल्यावर, मला याबद्दल वाचायला मिळालं. आईनं घेतलेली दारू बाळापर्यंत पोचते. ती बाळाच्या मेंदूला कोणत्याही महिन्यात इजा करू शकते आणि तिचं सुरक्षित असं कुठलंच माप ठाऊक नाही. पातळ ओठ, पुसट खाच, आज आलेलं उद्या जाणं, सगळं तिथे लिहिलं होतं. लोह, फॉलिक ॲसिड, जस्त आणि अंड्यातलं कोलीन यांनी घाव थोडा हलका होऊ शकेल असंही होतं. पण 'होऊ शकेल' एवढंच, आणि झालेलं भरून येतं असं कुठेच नव्हतं. मी वाचलं आणि मला आनंद झाला नाही, संताप आला. त्या बाईला हे हवं होतं तेव्हा ते आमच्यापर्यंत पोचलं नाही.

मी मेडशीला जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईला त्या वर्षानुवर्षं बजावत आल्या होत्या, "अंडं खाय, पन घोट नोको घेऊ; अंड्यानं घोट धुतल्या जात नाही." बाया तोंडावर हो म्हणत आणि मागे हसत: दारूवालीच आता कीर्तन करून राह्यली! माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे बकरीचं माहीत होतं. आपलंच नोतं."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेरवीला मी गेले होते. सासू, किसन कधीच गेले. भट्टीच्या जागी आता तुरीच्या काड्या रचलेल्या असतात. मुलगा रोजानं कामाला जातो, पैशाचा हिशोब त्याची बायको पाहते. चंद्री त्यांच्याजवळ राहते. तिचे केस पांढरे झाले आहेत. दोन अन् दोन तिला आजही कधी येतात, कधी येत नाहीत. शेळ्या तिच्याकडे आहेत. दिवस मावळला की गाभण शेळी ती वेगळ्या खुंटाला बांधते. तेवढं तिला सांगावं लागत नाही.