एर्सीलिया पिंपात गाते तेव्हा

ग्रिवोताच्या मळ्यात मी सून म्हणून आले तेव्हा घरच्या वाइनशी माझं अजिबात जमलं नाही. नवी वाइन सासूसारखी असते. एक घोट घेतला की जीभ आखडते आणि आपलं काय चुकलं तेच कळत नाही. तिला वर्षानुवर्षं पिंपात मुरवायचं, मग बाटलीत निजवायचं, आणि तोवर आपले केस पिकवायचे. मग कधीतरी बूच निघतं, पेल्यात विटकरी लाली उतरते आणि वाळलेल्या गुलाबांचा वास घरभर हिंडतो. तेव्हा सगळं माफ करावंसं वाटतं. सासूच्या बाबतीतही शेवटी माझं तसंच झालं.

मळा सासऱ्यांचा, टेकडी त्यांच्या आजोबांची, बाटलीवर नावही आमचंच. पण ती वाइन निगुतीनं मुरायची ती एर्सीलियामुळे. ती आणि तिचा नवरा चेलेस्तीनो उतारावरच्या दोन खोल्यांत राहायचे. एर्सीलिया चणीनं एवढीशी, आणि आमची पिंपं माणसाच्या दुप्पट उंच, त्यांना खाली दार मात्र चुलीच्या तोंडाएवढं. द्राक्षं काढायच्या आधी पिंपं रिकामी झाली की ती आधी हात, मग डोकं, मग तिरका खांदा असं करत आत शिरायची आणि फळ्या घासून काढायची.

एकदा मी त्या दारातून डोकं आत घातलं होतं. इतकी वर्षं वाइन राहिली की लाकडावर लाल खड्यांचा थर धरतो. एर्सीलियाच्या मेणबत्तीत तो सगळा लुकलुकत होता आणि ती मध्ये बसली होती, डाळिंबाच्या आत बसल्यासारखी. तिनं एक शब्द गुणगुणला तर तो चहूकडून सावकाश परत आला. मी कुठे आहे, दुपार आहे की संध्याकाळ, काही सुचेना. कुणीतरी मागून झगा ओढला तेव्हा मी बाहेर आले.

आतली हवा लबाड असते. ती कधी डोक्यात चढते ते आतल्याला कळतच नाही. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की आतल्यानं सतत गायचं आणि बाहेरच्यानं ऐकायचं. गाणं थांबलं की काखेत बांधलेली दोरी ओढायची, विचारत बसायचं नाही. एर्सीलियाची दोरी लग्न झाल्यापासून चेलेस्तीनोच्या हातात होती. गाणी ती स्वतःच रचायची, म्हणजे गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या चालीवर म्हणायची. पिंप घुमायचं आणि अंगणापर्यंत सगळं ऐकू जायचं. आज कुणाचा नंबर लागतो म्हणून माणसं कान टवकारून कामं करायची.

पुढे चेलेस्तीनोला ऐकू येईनासं झालं. दुपारी देवळाची घंटा वाजली की आमचे पुरुष टोपी काढतात. तो आता दुसऱ्यांची टोपी निघालेली बघून आपली काढायचा. सगळ्यांच्या ध्यानात आलं, पण आमच्या टेकड्यांवर कुणाचं उणं तोंडावर काढत नाहीत. त्याला वाटायचं, आपलं बेमालूम चाललंय.

त्या वर्षी पिंपं धुवायच्या आदल्या दिवशी मामंजी त्याच्या अगदी समोर उभे राहिले आणि म्हणाले, "चेलेस्तीनो, वय झालं तुझं. यंदा दोरी रेमोकडे दे." रेमो त्याचाच पुतण्या, दोन लेकरांचा बाप, भला माणूस. चेलेस्तीनोनं मान हलवली आणि हेझलनटच्या झाडांकडे निघून गेला. पाठीत वाकून चालला होता. मला बघवेना.

तासाभरात एर्सीलिया आमच्या स्वयंपाकघरात.

"दोरी त्याच्याच हातात राहील. नाहीतर मी आत जाणार नाही."

"बाई," मामंजी म्हणाले, "एक माणूस दुखावला तर बरा होतो. मेला तर होत नाही."

मी सरळ मामंजींच्या बाजूची होते. मानापमान करायला आधी जीव तर शिल्लक हवा. शेवटी बरीच वादावादी होऊन ठरलं, की दोरी रेमोनं धरायची आणि चेलेस्तीनोनं नुसतं जवळ उभं राहायचं. त्याला सोडून ती आत गेलीच नसती.

दुसऱ्या दिवशी धुकं तळघराच्या पायऱ्या उतरून आत आलं होतं. एर्सीलिया आत शिरली आणि तिनं मामंजींचा कंजूषपणा गायला घेतला. रेमो हसून बेजार. मग माझ्या करपलेल्या पोलेंटावर, मक्याच्या घाट्यावर आली, तेव्हा मात्र मला राग आला. पिंपाची घूमघूम, धुकं, तो जुना आंबूस गोड वास, यांनी आम्ही सगळे पेंगुळल्यासारखे झालो होतो. गाणं थांबलं. पुढची ओळ जुळवत असेल म्हणून रेमो हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहिला, आणि खरं सांगते, मीही.

चेलेस्तीनो पिंपाच्या फळीवर तळहात टेकून, डोळे मिटून उभा होता. लाकडाचा निरोप घेतोय असं मला वाटलं होतं. त्यानं एकदम डोळे उघडले, रेमोच्या हातातली दोरी हिसकली आणि ओढली.

ती बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. अंगणात निजवली, चोळली, तेव्हा कुठे श्वास लागला. मामंजींनी दोरी उचलून चेलेस्तीनोच्या हातात दिली आणि रेमोला सांगितलं, "तू इथून पुढे याच्या शेजारी उभा राहा. शीक."

मी एर्सीलियाला सूप भरवत बसले. चेलेस्तीनो आमच्याकडे पाठ करून दोरी गुंडाळत होता.

"त्याला ऐकू येत नाही," ती हळूच म्हणाली. "लाकडाला हात लावून ऐकतो. बारीक आवाज फळीत पोचत नाही, म्हणून मी ढाल्या, खर्जातल्या आवाजात गाते. घसा सोलून निघतो."

आम्हाला वाटायचं, म्हातारपणानं घोगरी झालीय. मी विचारलं, तू हे त्याला बोललीस का.

"मला ठाऊक नाही असं त्याला वाटतं. तसंच वाटू दे. तूही बोलू नकोस."

माझ्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात चेलेस्तीनो वळला. हिला काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. एर्सीलिया लगेच बोलली नाही. त्याची नजर आपल्या ओठांवर येईपर्यंत थांबली, आणि मग एकेक शब्द सावकाश म्हणाली, "काही नाही. घरी चल, मला भूक लागलीय."