मागांच्या खडखडाटात भरलेला फॉर्म

आमच्या गल्लीत कोणाकडे काही नवं आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितीला पडलं?" ते चालतं का, टिकेल का, हे कोणी विचारत नाही. मिक्सरच्या बाबतीत हे चालून जातं. आम्ही विम्याचंही तेच केलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोहोळकडची शेती भावाकडे सोडून सोलापुरात आले. भवानी पेठेत त्यांनी घर बांधलं, खाली टॉवेलचे चार यंत्रमाग आणि वर आम्ही. माग चालू असले की वर ताटातली वाटी थरथरते. मी इंग्रजी शाळेत शिकले ती त्याच टॉवेलांवर. त्या इंग्रजीचा घरातला उपयोग एवढाच, की विम्याचा कागद आला की अण्णा तो माझ्यापुढे धरायचे. "आकडा कुठला, तेवढं सांग." मी बोट ठेवायची. बाकीची पानं त्यांच्या मते छपाईवाल्याचं पोट भरण्यासाठी होती.

विमा आणायचे मामा, आईचे चुलतभाऊ. मोबाइल रिचार्जच्या दुकानात बसून ते विमे उतरवून द्यायचे. "दाजी, ह्याच्यापेक्षा कमी कुणी दिला तर मिशी काढतो," असं ते दर वेळी म्हणायचे. मिशी मुळात फारशी नव्हतीच.

गाडीचा विमा त्यांनी आणला तेव्हा मी तो पूर्ण वाचला होता. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तरच तो उपयोगाचा. आपल्या गाडीला काही झालं तर एक पैसा नाही. तसं स्वच्छ लिहिलं होतं. पण खोलीत मामा होते, अण्णा होते, चहाला आलेले दोन शेजारी होते. एवढ्या माणसांत बोलायचं कसं, म्हणून मी कपबश्या उचलून आत गेले.

"पोलिसानं धरलं तर दाखवाया कागद पायजे, बास," अण्णा म्हणाले. शेजाऱ्यांनी लगेच मामांचा नंबर घेतला.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं कडुलिंबाची फांदी मोडून गाडीवर आली. टप दबला, पुढची काच गेली. मामा आले आणि मयताला आल्यासारखे गाडीभोवती फिरले.

"दाजी, ह्यात झाड बसत न्हाय की."

"मग काय बसतंय?"

"दुसऱ्याची गाडी."

"म्हंजी हप्ता मी भरायचा, आन् भरपाई दुसऱ्याला?"

"नियमच हाय तसा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तू वाचलं हुतंस न्हवं?"

मी मान डोलावली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढे मागच्या गल्लीत एका कारखान्यात वायर तापून सूत पेटलं आणि अण्णांना घराचा विमा काढायचं सुचलं. गाडीवरून शहाणपण आलं असेल, असं मला वाटलं होतं. अण्णांनी पुन्हा मामांनाच फोन केला. कारण तेच, स्वस्त.

मामा खाली सुताच्या गठ्ठ्यावर बसले आणि फॉर्म मांडीवर घेतला. चारही माग चालू होते. मी चहा घेऊन उभी होते.

"दाजी! राहतं घरच न्हवं?" मामा ओरडले.

"व्हय! राहतोय की!"

मामांनी फॉर्मवर 'हो'ला खूण केली.

"हितं धंदा हाय का?"

"आं?"

"धंदा! खाली!"

"त्ये लिवू नको! महाग पडंल!"

मामांनी 'नाही'वर खूण केली. दोघंही मागांवरून एकमेकांना ओरडून सांगत होते, की इथे माग नाहीत. त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. आमच्या गल्लीतली सगळी घरं कागदावर अशीच शांत आहेत. मला मात्र दिसत होतं, की इथे वायर तापली तर घरही जाईल, मागही जातील, आणि ही एक खूण पुढे करून कंपनी हात झटकेल.

"मामा, तसं लिहू नका," मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. मामांनी हसून चहाचा कप घेतला.

मी भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

माग थांबले. दोन्ही कामगार माझ्याकडे बघू लागले. तेवढ्या शांततेत मला ओरडावं लागलं नाही.

"खाली चार माग आहेत. ते फॉर्मवर लिहा. नाही लिहिलं तर जळाल्यावर काही मिळणार नाही. आणि मागांचा, सुताचा विमा यात धरलेलाच नाही."

"पोरी, समदी गल्ली असंच लिवती."

"मग सगळी गल्ली फसेल."

"दाजी, हिला इंग्रजी शाळेत घातली तितंच चुकलं," मामा हसले.

अण्णा हसले नाहीत. "खरं लिवलं तर किती?"

मामांनी दोन फोन केले आणि आकडा सांगितला. अण्णांनी तो ऐकून मागांकडे पाहिलं. मग मला विचारलं, "ह्यात झाड बसतंय?"

मी मामांच्या दुकानातून नवा कागद मागवला आणि तिथेच उभ्याउभ्या वाचला. या वेळी सगळी पानं. "बसतं. आग बसते. माग आणि सूतही बसतं. फक्त वायरिंग बदलायला सांगितलंय."

"ऐका! आता वायरबी बदला!" मामा म्हणाले.

"सही कुटं करू?" अण्णांनी मला विचारलं, मामांना नाही.

आठवड्यात वायरिंग बदललं. गल्लीनं विचारलं, विमा कितीला पडला. अण्णांनी आकडा सांगितला, तर सगळे हळहळले. समोरच्यांनी तर विचारलं, "पोरीनं गंडवलं का काय?"

"तुमचा कागद आणा की," अण्णा म्हणाले. "ती वाचून दावंल."

त्यांनी तो अजून आणलेला नाही. त्यांचा विमा आमच्या निम्म्यात झाला, हे मात्र ते भेटतील तेव्हा सांगतात. त्यांच्याकडे सहा माग आहेत.